अंगणातला पर्जन्यमापक: वळवाचे ढग, सीनेचा पूर आणि एक नरसाळे

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्च महिन्यात, मी सोलापुरातील एका जुन्या दुकानातून फायबरचा पर्जन्यमापक विकत घेतला. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना काचसामान, तराजू आणि तापमापक पुरवणारे हे दुकान आहे. तिथे 'पर्जन्यमापक' म्हटले की पोऱ्या मालकाकडे पाहतो आणि 'रेन गेज' म्हटले की लगेच माळ्यावर चढतो. किंमत साडेतीन हजारांच्या आत पडली. एक उन्हाळा, एक अख्खा पावसाळा आणि आता दुसऱ्या उन्हाळ्याची सुरुवात, एवढा काळ हे उपकरण आमच्या जुळे सोलापुरातील अंगणात उभे आहे आणि मी रोज सकाळी साडेआठ वाजता त्याच्यातले पाणी मोजून वहीत लिहितो आहे. घ्यावे की न घ्यावे, असे अनेकांनी विचारले म्हणून हा सविस्तर अभिप्राय.

त्याआधी माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला, भिंतीला ठोकायचा, पाचरीच्या आकाराचा प्लास्टिकचा पर्जन्यमापक होता. एप्रिलच्या उन्हाने त्याला तिसऱ्याच आठवड्यात तडा गेला, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात त्यातले पाणी माझ्यासमोर भिंतीवरून ओघळून गेले. ज्या शहरात पारा चाळिशीच्या वर महिना-दीड महिना मुक्काम ठोकून असतो, तिथे असल्या वस्तूंवर दोन-तीनशे रुपये घालवण्यात अर्थ नाही, एवढेच त्याच्याविषयी सांगता येईल.

नव्या उपकरणाची रचना साधी आहे. वर पितळी कड असलेले नरसाळे, त्याखाली फायबरचे बूड, बुडाच्या आत पाणी साठवणारी प्लास्टिकची बाटली आणि सोबत रेघा आखलेले काचेचे मोजपात्र. बूड जमिनीत अशा रीतीने गाडायचे असते की नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि पाणसळीत राहील. आजूबाजूला जे झाड किंवा भिंत असेल, तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे लागते. ही अट वाचायला सोपी आणि शहरातल्या अंगणात पाळायला अवघड. आमच्या दारात कडुनिंब आहे, शेजाऱ्यांची दुमजली इमारत आहे आणि मधोमध पाण्याची टाकी आहे; खूप मोजमाप करून शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यातली एकच जागा निघाली, आणि तिथली आईची तुळस तिच्या परवानगीने, पण तिच्या नाराजीसह, हलवावी लागली. गच्चीवर ठेवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, तो टाळावा. कठड्यावरून उसळणारा वारा पावसाचे थेंब नरसाळ्यावरून पलीकडे नेतो आणि नोंद कमी भरते.

आता या खरेदीतला मुख्य घोळ सांगतो. दुकानाचे नाव देत नाही, कारण चूक त्यांची असली तरी त्यांनी ती तासाभरात आणि हसतमुखाने निस्तरली.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका संध्याकाळी चारच्या सुमारास नैर्ऋत्येकडून काळे आभाळ आले, आधी धुळीचा लोट, मग पत्र्यांचा खडखडाट आणि मग वीस-पंचवीस मिनिटे जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपात्राने ३८ मिलिमीटर दाखवले. आकडा वहीत लिहिला खरा, पण मनाला पटेना. अंगणात सरळ उभ्या कडांचा एक पत्र्याचा डबा रिकामा पडला होता. त्यात पट्टी उभी धरली तर पाणी दोन सेंटिमीटरलाही पोहोचलेले नव्हते. डबा खोटे बोलत नाही, कारण सरळ कडांच्या भांड्यात जितके मिलिमीटर पाणी चढते तितकाच पाऊस पडलेला असतो. मग नरसाळ्याचा व्यास मोजला. तो १६ सेंटिमीटर भरला, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. एवढ्या तोंडावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर बाटलीत २० मिलिलिटर पाणी जमायला हवे. औषधाच्या मापाने मोजून २० मिलिलिटर पाणी मोजपात्रात ओतले, तर पाणी २ मिलिमीटरच्या रेघेवर जाऊन थांबले. मोजपात्र १०० चौरस सेंटिमीटरच्या लहान नरसाळ्यासाठी आखलेले होते. माझा प्रत्येक पाऊस दुप्पट होत होता.

ही क्षुल्लक बाब नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. माझ्या अंगणात मात्र ३३ मिलिमीटरलाच अतिवृष्टी जाहीर झाली असती. दुकानात जाऊन नरसाळे, मोजपात्र आणि औषधाचे माप तिन्ही काउंटरवर मांडले तेव्हा मालकांनी स्वतः पाणी ओतून पाहिले, क्षणभर रेघेकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. दोन्ही मापाची काच एकाच खोक्यात आलीय, पोरानं वरची उचलली." त्यांनी मोजपात्र बदलून दिले, उरलेल्या खोक्यातली सगळी काच मोजून वेगळी केली आणि त्यांच्यावर चिकटपट्टीने आकडे लावले. असा दुकानदार आजकाल दुर्मीळ आहे. तरीही माल हातात घेताना क्षेत्रफळ आणि मोजपात्र यांची जोडी तपासलेली नव्हती, हा दोष दोषच, आणि त्यापायी मी पाचपैकी एक गुण कापतो.

वापराविषयी बोलायचे तर नोंद घेण्याला दोन मिनिटे लागतात आणि देखभालीला आठवड्यातून पाच. अडचण येते ती नेमकी चैत्रात. वळवाच्या दिवसांत कडुनिंब मोहरतो, आणि त्याची बारीक पांढरी फुले वाऱ्यासरशी नरसाळ्यात जमून तोंडाशी त्यांचा भिजका बोळा बसतो. वरून पाहिले तर सगळे ठीक दिसते, पण पाणी खाली उतरत नाही आणि दुपारच्या उन्हात तिथल्या तिथे वाळून जाते. मी त्यासाठी खराट्याची एक काडी खिळ्याला टांगून ठेवली आहे. आभाळ भरून येताना दिसले की आधी ती फिरवायची. मुंग्यांना बाटली फार आवडते, त्याला इलाज सापडलेला नाही. गारा पडल्या तर नरसाळ्यातल्या गारा तशाच वितळू देण्यापेक्षा मोजून घेतलेले कोमट पाणी त्यांवर ओतावे आणि एकूण मापातून ते वजा करावे, ही जुनी रीत या उपकरणावरही नीट चालते. गेल्या मे महिन्यात ती एकदाच वापरण्याची वेळ आली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्ष-डाळिंबांचा जिने चेंदामेंदा केला, तशी वेळ पुन्हा आली तर पितळी कड टिकेल, फायबरविषयी मी हमी देणार नाही.

हे उपकरण घ्यावेसे का वाटले, हेही सांगायला हवे. वैशाखातल्या वादळांचा अंदाज आपल्याला जिल्ह्याच्या नावाने मिळतो. हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा येतो तो अख्ख्या सोलापूर जिल्ह्यासाठी, आणि हा जिल्हा अकरा तालुक्यांचा, सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. उलट वळवाचा ढग असतो दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचा. सकाळपासून तापलेली जमीन, समुद्राकडून आलेली दमट हवा आणि वर थंड कोरडा वारा, असा योग जुळला की दुपारनंतर एखादा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो, त्याच्या पोटातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाआधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. तासाभरात ढग संपतो. त्यामुळे जुळे सोलापुरात रस्त्यावरून पाणी वाहत असताना शहरातल्याच बाळीवेशीत नुसती धूळ उडत असते, आणि दोन्ही ठिकाणचे लोक फोनवर एकमेकांना खोटे ठरवतात. जिल्ह्याच्या इशाऱ्याला यासाठी नावे ठेवणे बरोबर नाही, त्याचे काम सावध करणे एवढेच आहे. आपल्या दारात नक्की किती पडला, हे मात्र आपणच मोजावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग करण्यासाठी सोलापूरचेच आकाश निवडले होते, ते पर्जन्यछायेतल्या ढगांचा अभ्यास व्हावा म्हणून.

आकडा हाती आला की त्याचा उपयोग लगेच कळतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी, म्हणजे एकरभर रानात सुमारे ४ हजार लिटर. २० मिलिमीटरचा वळीव एका एकरावर दहा हजार लिटरचे आठ टँकर रिकामे करून जातो. मोहोळ तालुक्यात आमची थोडी जमीन आहे, ती धाकटा चुलतभाऊ कसतो; त्यालाही मी असाच पर्जन्यमापक नेऊन दिला, आणि आता उसाला पाणी सोडायचे की दोन दिवस थांबायचे हे तो वहीत पाहून ठरवतो. "दादा, आधी आम्ही ढेकळात बोट घालून बघायचो," असे तो म्हणतो, आणि अजूनही बोट घालतोच.

तरी उन्हाळी वादळाच्या बाबतीत या उपकरणाची एक मोठी मर्यादा आहे, आणि विकणारे ती सांगत नाहीत. वळवाचे खरे नुकसान बहुतेक वेळा पाण्याने होतच नाही, ते वाऱ्याने, गारांनी आणि विजेने होते. माझ्या वहीतली मे महिन्यातली सर्वांत वाईट संध्याकाळ ४ मिलिमीटरची आहे. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतला विजेचा खांब वाकला, कैऱ्यांचा सडा पडला आणि पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या एका स्नेह्यांच्या बेदाण्याच्या शेडवरची ताडपत्री फाटून पार बांधापलीकडे गेली. जाळीवर सुकत घातलेले द्राक्ष दोन आठवडे कोरड्या हवेच्या भरवशावर असतात; त्यांना भिजवायला ४ मिलिमीटर पुरेसे होतात आणि पिवळा-हिरवा बेदाणा काळा पडला की भाव निम्म्यावर येतो. कडब्याच्या गंजीचेही तसेच. म्हणून ज्याला फक्त वादळापासून पीक वाचवायचे आहे, त्याने पर्जन्यमापकाआधी चांगली जाड ताडपत्री, तिला दर तीन फुटांवर रिंगा आणि बांधायला दुप्पट दोर, यांवर पैसे घालावेत. विजेसाठी 'दामिनी' हे ॲप मोफत आहे, आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटर परिसरात कुठे वीज पडते आहे ते त्यावर दिसते. आणि ॲप नसले तरी वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रानातून निघायचे, झाडाखाली थांबायचे नाही.

दुसरी मर्यादा जोराची आहे. हे उपकरण चोवीस तासांत एकूण किती पडला ते सांगते, किती वेळात पडला ते सांगत नाही. दिवसभर रिमझिम पडलेले ३० मिलिमीटर जमिनीत मुरतात, तेच ३० मिलिमीटर अर्ध्या तासात पडले तर शहरातल्या सखल वस्त्यांतून नाल्याचे पाणी उंबऱ्याला लागते. त्याची नोंद आपोआप ठेवणारी यंत्रे मिळतात, पण ती बरीच महाग आहेत. मी घड्याळ पाहून वहीत वेळ लिहितो, माझे त्यावर भागते.

२०२५ च्या मे महिन्यात तर वळीव कुठे संपला आणि पावसाळा कुठे लागला, हेच वहीतून ओळखता येत नाही. मोसमी पाऊस त्या वर्षी २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन ठेपला, मृग लागायला अजून बरेच दिवस होते. आपल्याकडे वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाची सवय. त्यामुळे माझी वही वैशाखातच इतकी भरली की मला माझ्याच उपकरणाचा अभिमान वाटू लागला. तो अभिमान सप्टेंबरपर्यंत टिकला.

सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सीना नदीला पूर आला. माढा, करमाळा, मोहोळ आणि उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतली गावे पाण्यात गेली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला, आणि आमच्या रानात उसाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढले. ज्या सकाळी चुलतभावाने जनावरे सोडून वरच्या वस्तीवर नेली, त्या सकाळी माझ्या बाटलीत मोजावे असे फारसे पाणी नव्हते. त्याच्या स्वतःच्या पर्जन्यमापकातही नव्हते, पुढे तो पर्जन्यमापकच पाण्याखाली गेला. कारण पाणी आमच्या आभाळातून आलेच नव्हते. पाऊस पडला होता वर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवच्या बाजूला. सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी ही धरणे भरून वाहिली आणि ते सगळे पाणी खाली सीनेत उतरले.

भीमा नदीचेही गणित असेच परके आहे. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातली मंदिरे पाण्यात जातात तेव्हा पंढरपुरात ऊन पडलेले असू शकते. पाऊस असतो मुळशी-लोणावळ्याच्या घाटात. खडकवासला, पवना, मुळशी यांसारख्या धरणांतून सोडलेले पाणी दौंडवरून उजनी धरणात येते, आणि उजनी भरलेली असेल तर तेवढेच पुढे सोडावे लागते. नीरा नदीवरच्या वीर धरणाचा विसर्ग वेगळ्या वाटेने येऊन नरसिंहपुराशी भीमेला मिळतो, म्हणून पंढरपूरकराने उजनीचा एकच आकडा पाहून चालत नाही, दोन्हींची बेरीज करावी लागते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. १ लाख क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाहून जाते. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. त्याच्याशी ताडून पाहिले की पुढे सरकणाऱ्या पाण्याचा आवाका ध्यानात येतो. खाली हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, तेव्हा दोन्ही नद्या एकदम फुगल्या तर दक्षिण सोलापूरच्या गावांना कोणत्या नदीचे पाणी घरात आले हे सांगणेही कठीण होते. याला एक अपवाद नोंदवायला हवा. १४ ऑक्टोबर २०२० रोजी कमी दाबाचे क्षेत्र थेट आपल्यावरून गेले, तेव्हा पाऊसही इथेच पडला आणि पूरही बराचसा इथलाच होता. असा दिवस आला तर अंगणातला पर्जन्यमापक नदीच्या आधी बोलेल. एरवी नदीकाठच्या माणसाने सकाळी नरसाळ्याकडे पाहण्याआधी दौंडची आवक, उजनी आणि वीरचा विसर्ग, आणि सीनेच्या काठी असल्यास कोळेगावचा विसर्ग पाहावा. 'सचेत' ॲपवर आपले ठिकाण नोंदवून ठेवले तर सरकारी इशारे थेट फोनवर येतात.

आणखी एक गैरसमज दूर करतो, कारण यावरून आमच्या भावकीत वाद झाला होता. घरच्या पर्जन्यमापकाची नोंद पंचनाम्याला चालत नाही. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या अधिकृत केंद्राच्या आकड्यावरून, मग ते केंद्र आपल्या रानापासून आठ किलोमीटर लांब का असेना. आपली वही दाखवून फार तर आपले म्हणणे मांडता येते. तरीही चुलतभाऊ ती वही पिशवीत घालून तलाठी कार्यालयात गेला होता. तिथल्यांनी ती पाहिली, चांगली ठेवली आहे म्हणाले, आणि परत दिली.

एवढे सगळे लिहूनही मी हे उपकरण घ्या असेच म्हणेन, पाचपैकी चार गुण देऊन. ज्यांचे रान विहिरीवर किंवा कूपनलिकेवर आहे, ज्यांना फवारणी आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या आहेत, ज्या शाळांना मुलांकडून रोज एक खरी नोंद करून घ्यायची आहे, त्यांना त्याचा पैसा वसूल होतो. नदीकाठच्या लोकांनी पुराच्या भीतीने ते घेण्याचे कारण नाही. पुरात वाहून गेलेल्या पर्जन्यमापकाच्या जागी चुलतभावासाठी नवा आणायला मी दिवाळीनंतर पुन्हा त्याच दुकानात गेलो, तेव्हा मालकांनी न विचारताच नरसाळ्याला पट्टी लावली, मोजपात्रात पाणी ओतून दाखवले आणि मगच पावती फाडली. काच सुटीही मिळते, आणि ती आज ना उद्या फुटतेच, म्हणून पहिल्या खेपेलाच दोन मोजपात्रे घ्यावीत. मागताना '२०० चौरस सेंटिमीटरचे' हे कागदावर लिहून न्यावे आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असते हे लक्षात ठेवावे.